जुनी ऑफ-रोड गाडी घेताना मॉडेलचं साल कसं तपासायचं

जुनी फोर-बाय-फोर घ्यायची ठरली की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: "या मॉडेलचं कोणतं साल चांगलं?" कुणीतरी एक आकडा सांगतं, मग जाहिरातींत तेवढाच आकडा शोधला जातो. गाडी घरी आल्यावर कळतं की नोंदणी त्या सालची होती, पण गाडी बनली होती आदल्या वर्षी, जुन्या इंजिनासकट. किंवा साल बरोबर होतं, पण त्या सालचा सगळ्यांना ठाऊक असलेला दोष या गाडीत कुणी दुरुस्तच केला नव्हता.

सालावरून कळतं ते एवढंच, की कारखान्यातून निघताना गाडीत कोणते भाग बसवलेले होते. भरवसा धरायचा तो त्या भागांचा, आणि त्यानंतर समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचा. म्हणून क्रम असा ठेवा: आधी गाडी नेमकी केव्हा बनली, मग तिच्यात काय बसवलंय, मग त्या भागांचे माहीत असलेले दोष, आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष गाडी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. गाडी बघतात, ती मनात भरते, आणि मग तिचं साल चांगलं आहे असं म्हणणारा माणूस शोधतात.

## तयारी

सोबत घ्या: चांगला टॉर्च, छोटी हातोडी, लोहचुंबक, स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र), पांढरा सुती कपडा, जमिनीवर आडवं पडायला ताडपत्री आणि एक वही. फोनचा कॅमेरा आरशाचं काम करतो.

विकणाऱ्याकडून गाडी बघायला जायच्या आधीच तीन फोटो मागवा: चेसिस नंबर, दाराच्या खांबावरची कंपनीची पट्टी आणि कामाच्या पावत्या. इंजिन थंड हवं, आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका, हेही स्पष्ट सांगा. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाण्यात वेळ घालवू नका.

## १. गाडी केव्हा बनली ते नक्की करा

एकाच गाडीला चार वेगवेगळी सालं असू शकतात: बांधणीचं, मॉडेलचं, विक्रीचं आणि नोंदणीचं. जाहिरातीत यातलं सगळ्यात नवं दिसणारं साल लिहिलेलं असतं.

सतरा अक्षरी चेसिस नंबर असेल तर त्यातलं दहावं अक्षर पाहा. उत्तर अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत ते मॉडेलचं साल दाखवतं. २००१ ते २००९ साठी १ ते ९ हे अंक आहेत. २०१० पासून इंग्रजी अक्षरं सुरू होतात: २०१० साठी ए, २०११ साठी बी, असं पुढे. आय, ओ, क्यू, यू आणि झेड ही अक्षरं वगळलेली आहेत, म्हणून २०१७ साठी एच आल्यावर २०१८ साठी जे येतं. २०२० ला एल आणि २०२३ ला पी.

इथे दोन गोष्टींनी लोक फसतात. पहिली, हे अक्षर मॉडेलचं साल सांगतं, बांधणीचं नाही. २०१८ चं अक्षर असलेली गाडी २०१७ च्या उत्तरार्धात बनलेली असू शकते. दुसरी, इतर बाजारांसाठी बनलेल्या गाड्यांत दहाव्या जागी सालाचा संबंधच नसेल असं होऊ शकतं. जपानच्या अंतर्गत बाजारातल्या गाड्यांना तर सतरा अक्षरी नंबरच नसतो. त्यांचा छोटा चेसिस नंबर कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये टाकून बांधणीचा महिना काढावा लागतो.

नंतर पडताळा घ्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा; तळाशी शिवलेल्या पट्टीवर बेल्ट बनल्याची तारीख असते. काचांवर खुणा असतात. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि साल सांगतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. टायर बदललेले असणार हे उघड आहे, पण स्टेपनी पुष्कळदा मूळचीच असते. एकच बेल्ट किंवा एकच काच नंतरच्या तारखेची निघाली तर ती का बदलली ते विचारा.

सालाच्या आकड्यावर विसंबण्यात धोका किती आहे ते जीप रँग्लरवरून कळेल. मॉडेल वर्ष २०१८ मध्ये जुनी जेके आणि नवी जेएल अशा दोन्ही पिढ्या विकल्या गेल्या. "२०१८ ची रँग्लर" या एका नावाखाली चेसिसपासून गियरबॉक्सपर्यंत वेगळ्या अशा दोन गाड्या येतात.

थांबा: चेसिसवर कोरलेला नंबर, पट्टीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षरशः जुळला पाहिजे. कोरलेल्या नंबरभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर पुढचं काही तपासू नका, निघा.

## २. सालांचा नकाशा काढा

वहीत आडवी सालं लिहा आणि उभे रकाने करा: इंजिन, गियरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी), पुढचा अ‍ॅक्सल, इलेक्ट्रॉनिक्स. यातला प्रत्येक भाग कोणत्या सालापासून बदलला तिथे रेघ मारा. कंटाळवाणं काम आहे, पण या लेखातला कुठलाही एकच टप्पा करणार असाल तर हाच करा. रेघा मारून झाल्या की "चांगलं साल" हा प्रश्न आपोआप बदलतो. आता तुम्ही "कोणत्या रेघेच्या कोणत्या बाजूची गाडी" असं विचारू लागता.

रँग्लर जेकेचाच नकाशा पाहा. २००७ ते २०११ मध्ये ३.८ लिटरचं व्ही-सिक्स आणि चार गियरचा ऑटोमॅटिक. हे इंजिन ऑइल खाण्याबद्दल बदनाम आहे. २०१२ पासून ३.६ लिटरचं इंजिन आणि पाच गियरचा ऑटोमॅटिक आला. ताकद वाढली, म्हणून सगळे "२०१२ नंतरचीच घ्या" असं सांगतात. पण ३.६ च्या सुरुवातीच्या काही इंजिनांत डाव्या बाजूच्या सिलिंडर हेडचा (सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या भागाचा) दोष होता आणि कंपनीने २०११ ते २०१३ च्या या इंजिनांसाठी त्या हेडची वॉरंटी दहा वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढवली होती. म्हणजे २०१२ ची रेघ ओलांडल्यावर लगेच आणखी एक रेघ आहे, आणि ती दिसत नाही तोवर सल्ला अर्धवटच.

पहिल्या वर्षाची गाडी टाळा, हा नियम बऱ्याचदा लागू पडतो. फोर्ड ब्राँको २०२१ मध्ये नव्याने आली, तिच्या २.७ लिटर टर्बो इंजिनातले काही व्हॉल्व्ह तडकू लागले, पुढे त्यांचा धातू बदलला गेला आणि २०२४ मध्ये रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) निघाला. पण "मग शेवटच्या वर्षाची घ्या, सगळे दोष निघून गेलेले असतात" हे खरं धरू नका. जीप चेरोकी एक्सजे १९८४ ते २००१ अशी चालली. तिचं ४.० लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन टिकाऊ म्हणून प्रसिद्ध आहे. तरी शेवटच्या २००० आणि २००१ या दोन वर्षांत ०३३१ या क्रमांकाचं ओतीव हेड आलं, आणि ते तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मध्ये तडकून कुलंट ऑइलमध्ये उतरवतं. मधल्या वर्षांच्या गाड्या या बाबतीत सरस.

नेहमीची चूक: एका देशातला नकाशा दुसऱ्या देशातल्या गाडीला लावणं. निसान पॅट्रोलच्या वाय६१ पिढीत बाजारानुसार ४.२ लिटरचं टीडी४२ डिझेलही मिळे आणि ३ लिटरचं झेडडी३० सुद्धा. पहिलं दणकट म्हणून ओळखलं जातं, दुसऱ्याच्या सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टन जळण्याच्या तक्रारी होत्या. नाव आणि साल तेच असलं तरी भरवसा सारखा नाही. त्यामुळे इंजिनावरचा कोड स्वतः वाचा.

## ३. दोषांची यादी करा, तक्रारी मोजू नका

ज्या गाड्या जास्त खपल्या त्यांच्या तक्रारीही जास्त दिसतात. म्हणून संख्येला अर्थ नाही. एकच भाग, साधारण सारख्याच किलोमीटरला, वेगवेगळ्या मालकांकडे गेला असेल तर तो दोष समजा. त्यापुढचा पक्का पुरावा म्हणजे कंपनीने त्या भागाचा नंबर बदलून सुधारित भाग काढणं, किंवा वर्कशॉपांना तांत्रिक सूचनापत्र पाठवणं. या पत्रांत बऱ्याचदा चेसिस नंबरांची मर्यादा दिलेली असते: या नंबरापासून या नंबरापर्यंत. सालापेक्षा ती मर्यादा कितीतरी अचूक असते. तुमचा नंबर तिच्यात बसतो का ते पाहा.

प्रत्येक दोषापुढे दोन गोष्टी लिहा: तो झालाय हे डोळ्यांना कसं दिसेल, आणि दुरुस्त केलाय हे कशावरून कळेल. उदाहरणार्थ, २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा या ऑटोमॅटिक गाड्या. त्यांच्या रेडिएटरच्या आतच गियरबॉक्सचा ऑइल कूलर आहे. तो आतून फुटला की कुलंट गियरबॉक्समध्ये जातं आणि गियरबॉक्स संपतो. डोळ्यांना दिसणारी खूण: गुलाबी, दुधाळ झालेलं ऑइल आणि चालताना येणारी थरथर. नवा रेडिएटर बसवलेला दिसला म्हणून खूश होऊ नका. तो ऑइलमध्ये पाणी जाण्याआधी बसवला की नंतर, हे पावतीवरच्या तारखेवरून आणि सोबत गियरबॉक्सचं काही काम निघालंय का त्यावरून ठरवा. पाणी जाऊन आलेला गियरबॉक्स नुसतं ऑइल बदलून भरवशाचा होत नाही.

लँड रोव्हर डिफेंडरच्या टीडी५ इंजिनाचा दोष तर पाच मिनिटांत तपासता येतो. इंजेक्टरची वायरिंग इंजिनाच्या आत ऑइलमध्ये असते. ती झिरपू लागली की ऑइल तारांच्या आतून चढत थेट इंजिनाच्या ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकापर्यंत पोचतं. सीटखालची पेटी उघडा, इग्निशन बंद असल्याची खात्री करा, ईसीयूचा लाल प्लग काढा आणि पांढऱ्या कपड्याने पुसा. कपड्यावर ऑइल आलं तर इंजेक्टरची वायरिंग बदलावी लागेल. काम स्वस्त आहे, पण मालकाने इतकी वर्षं काय काय पाहिलंच नाही तेही त्या कपड्यावर उमटतं.

## ४. कागद वाचा

रिकॉल बाकी आहे का ते चेसिस नंबर टाकून कंपनीकडे तपासा. टाकाटा या कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल अनेक कंपन्यांच्या गाड्यांना लागू आहे. त्याचं काम बाकी असेल तर ते होईपर्यंत ती गाडी चालवूच नका.

पावत्यांवरच्या तारखा आणि किलोमीटर वहीत क्रमाने उतरवा. आकडा कुठे मागे गेला किंवा वर्षानुवर्षं थबकला तर लगेच दिसतं. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल (लँड रोव्हरचं २.७ लिटर डिझेल व्ही-सिक्स त्यातलंच) तर बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते. कमी चाललेली बारा वर्षांची गाडी मूळ बेल्टवर असेल, तर कमी किलोमीटर ही जमेची बाजू धरू नका.

मोठे टायर बसवलेत का? २९ इंचाच्या जागी ३३ इंची टायर घातले आणि मीटर जुळवून घेतलं नाही, तर मीटर एक लाख दाखवत असताना गाडी सुमारे १ लाख १४ हजार चाललेली असते.

## ५. गाडीखाली जा

पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने काहीतरी झाकलंय असं धरून चाला, आणि पुन्हा कधीतरी या. थंड असेल तर इंजिन सुरू करण्याआधीच खाली शिरा. सायलेन्सर थंड असतानाच तिथे हात घालता येतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

चेसिस हा एकच भाग असा आहे की तो गेला तर बाकी सगळं चांगलं असूनही उपयोग नाही. भक्कम म्हणून नावाजलेल्या टोयोटा टॅकोमाचंच बघा. १९९५ ते २००० च्या गाड्यांच्या चेसिसला गंजून भोकं पडू लागली तेव्हा कंपनीने अशा कित्येक गाड्या परत विकत घेतल्या, आणि पुढे २००५ ते २०१० च्या टॅकोमाही चेसिसच्या गंजाबद्दलच्या तडजोडीत आल्या. बॅज पाहून चेसिस तपासायची टाळाटाळ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हातोडीने पुढून मागे हलके ठोके मारत जा. धड लोखंड खणखणीत वाजतं. गंजून पापुद्रे सुटलेलं बद्द वाजतं आणि आतून खपल्या गळल्याचा आवाज येतो. बंद पेटीसारख्या चेसिसमध्ये गंज आतून बाहेर येतो, म्हणून बाहेरचा काळा रंग काहीच सिद्ध करत नाही. चेसिसच्या भोकांतून फोन आत घालून व्हिडिओ घ्या. नीट पाहायच्या जागा: मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचा बाक, पाट्यांच्या शॅकलचे (पट्टी-स्प्रिंग चेसिसला जोडणाऱ्या कड्यांचे) माउंट, खालच्या आर्मचे ब्रॅकेट. पाणी निघायची भोकं चिखलाने बुजली असतील तर त्याच्या आसपास दुप्पट वेळ द्या.

सावध: विकायच्या तोंडावर मारलेला ताजा अंडरकोट (गाडीच्या खालच्या बाजूचा लेप). त्याखाली चुंबक नीट चिकटत नसेल तर तिथे लोखंडाऐवजी पुट्टी आहे.

मग ऑफ-रोड वापराच्या खुणा. स्किड प्लेटवरचे (दगडांपासून वाचवणाऱ्या खालच्या पत्र्यावरचे) ओरखडे हा गुन्हा नाही. प्लेट त्यासाठीच असते. पण आर्मचे ब्रॅकेट वाकलेले, अ‍ॅक्सलची नळी पुन्हा वेल्ड केलेली, किंवा डॅशबोर्डखालच्या तारांवर चिखलाची सरळ रेघ असेल तर गाडी दगडांवर आदळलेली किंवा पाण्यात बुडालेली आहे. परवानगी मिळाली तर दोन्ही डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गियरपेट्यांचे) वरचे, ऑइल भरायचे प्लग उघडून बोट बुडवा. राखाडी दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेलंय. खालचा ड्रेन प्लग आधी उघडायची घाई करू नका; वरचा जाम निघाला तर ऑइल परत भरता येणार नाही.

## ६. थंड इंजिन सुरू करा

आधी ऑइलची कॅप आणि रेडिएटरची टाकी. कॅपखाली दुधाळ साय असेल तर थोड्या अंतराच्या फेऱ्यांमुळे साचलेला थंडीतला ओलावाही कारण असू शकतो, पण कुलंटवर तेलाचा तवंग दिसला तर हेड किंवा हेड गॅस्केट. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

सुरू करताना दुसऱ्याला मागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कुलंट. डिझेलमध्ये इंजिन चालू असताना ऑइलची कॅप सैल करा. दाबाने भकाभक वाफ येत असेल तर रिंगा थकल्यात.

आता स्कॅनर लावा. कोड नाहीत म्हणजे सगळं छान, असं नाही. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का हे दाखवणारी यादी) अपूर्ण दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. डिझेल पार्टिकुलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असलेल्या गाडीत काजळीचा भार आणि शेवटच्या साफसफाईनंतरचं अंतर वाचा. ऑस्ट्रेलियात १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या काळात विकलेल्या टोयोटाच्या डिझेल हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडोंवर या फिल्टरवरूनच सामूहिक दावा चालला. त्या काळातली गाडी असेल तर फिल्टर बदलल्याची पावती मागाच.

## ७. फोर-व्हील खरंच चालतं का

मातीच्या किंवा खडीच्या मोकळ्या जागेवर करा. पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (जिची चारही चाकं गरजेलाच जोडायची असतात) कोरड्या डांबरावर लावून वळवली तर सगळा ताण शाफ्ट आणि गियरवर येतो.

क्रम: टू-हाय (दोन चाकं, नेहमीचा वेग), मग फोर-हाय (चार चाकं, नेहमीचा वेग), काही मीटर सरळ पुढे-मागे. मग थांबून, न्यूट्रलला आणून फोर-लो (चार चाकं, कमी वेग, जास्त ओढ). पुन्हा पुढे-मागे, मग परत टू-हाय. डिफ-लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी सोय) असेल तर लावून दिवा स्थिर लागतो का आणि काढल्यावर विझतो का ते पाहा. दिवा लागणं पुरेसं नाही. पुढची चाकं खरोखर ओढतायत का हे खडीवर खाली उतरून बघा. जुन्या सुझुकी जिम्नीत पुढची चाकं शाफ्टला जोडणाऱ्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या हबची नळी फाटली की डॅशवर सगळं ठीक दिसूनही पुढचं चाक मोकळंच राहतं. वर्षानुवर्षं लो-रेंज न वापरलेल्या गाड्यांत लिव्हर किंवा मोटर जाम झालेली फार वेळा सापडते. "आम्ही कधी ऑफ-रोड नेलीच नाही" हे ऐकलं की हा टप्पा अधिक काटेकोर करा.

## ८. रस्त्यावर

कमीत कमी अर्धा तास, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत. सरळ पुढचा अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत ताशी ७० ते ८० च्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरू लागतं का पाहा. कारण पॅनहार्ड रॉडचे (धुरा बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट, आणि जिम्नीत किंगपिनची (ज्यावर चाक वळतं त्या खिळ्याची) बेअरिंग. नवाकोरा स्टिअरिंग डॅम्पर दिसला तर थरथर लपवायला तो बसवला असण्याची शक्यता धरा.

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर दुसरा येत असेल तर डिफरन्शियल. घरी निघण्यापूर्वी दहा मिनिटं गाडी उभी ठेवा आणि पुन्हा खाली पाहा; गरम ऑइल थंडीतल्यापेक्षा लवकर गळतं.

## ९. हिशेब

वहीतल्या दोषांच्या यादीवर परत या. पावतीसह दुरुस्त झालेले दोष खोडा. राहिलेल्यांचा खर्च काढा आणि तो किमतीतून कमी करायला सांगा. तुमची यादी ठरलेली असल्याने घासाघीस नेमकी होते. गंजलेला चेसिस, पाण्यात बुडालेली वायरिंग आणि न जुळणारा नंबर यांना मात्र किंमत कितीही उतरली तरी नकार द्या.

गाडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात इंजिन, गियरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात ओता आणि ड्रेन प्लगचं चुंबक पाहा: बारीक राखाडी लेप चालतो, नखात धरता येईल असा धातूचा तुकडा नाही. तारीख, किलोमीटर आणि जे दिसलं ते त्याच वहीत लिहून ठेवा. पुढचा घेणारा तुमच्याकडे याच नोंदी मागणार आहे.